हरणाऱ्या संघाने आपला हुकमी गोलवीर सोडावा का?

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची सर्वांत मोठी स्पर्धा. २००३-०४च्या हंगामात तिथे सर्वाधिक गोल करण्याचा मान तिघांत विभागला गेला. कोलंबसचा रिक नॅश, कॅल्गरीचा जरोम इगिन्ला आणि अटलांटाचा इल्या कोवलचुक या तिघांचेही ४१ गोल झाले होते. तिघेही आपापल्या शहरांचे लाडके होते, तिकिटे त्यांच्या नावावर खपत होती आणि दुकानांत त्यांच्याच जर्सी टांगलेल्या असत. २०१० ते २०१३ या काळात या तिघांनाही त्यांच्या संघांनी दुसऱ्या संघांना देऊन टाकले. तिन्ही संघ तेव्हा हरत होते आणि तिन्ही संघांपुढचा प्रश्न एकच होता. हाती मात्र फार वेगवेगळे आले. त्यामुळे हरणाऱ्या संघाने आपला सर्वांत मोठा गोलवीर सोडावा का, हे तपासायला या तीन व्यवहारांइतकी चांगली सामग्री दुसरी नाही.

आधी या स्पर्धेचे नियम समजून घ्यायला हवेत. एनएचएलमध्ये आज ३२ संघ आहेत. प्रत्येक संघ साखळीत ८०हून अधिक सामने खेळतो आणि ३२पैकी १६ संघ स्टॅन्ली करंडकासाठीच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात. खेळाडूंची देवाणघेवाण ‘ट्रेड’ने होते आणि ती आता आपल्याकडेही अनोळखी राहिलेली नाही. २०२४च्या आयपीएलआधी हार्दिक पांड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला तो ट्रेडमधूनच. पण आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि संघ जवळजवळ नव्याने बांधता येतो. एनएचएलमध्ये लिलाव नाही. तिथे चांगला खेळाडू मिळवण्याचे मार्ग तीनच: तरुण खेळाडूंची वार्षिक निवड म्हणजे ड्राफ्ट, करार संपलेल्या खेळाडूला पैसे देऊन घेणे, आणि ट्रेड. ड्राफ्टमध्ये तळातल्या संघांना आधी निवड मिळते. अगदी पहिले कोण, हे सोडतीने ठरते. ही निवडीची संधीसुद्धा संघ एकमेकांना देऊ-घेऊ शकतात, आणि मोठ्या ट्रेडमध्ये तीच चलनासारखी वापरली जाते.

२००४-०५चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात वाया गेला. त्यानंतर प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. तेव्हापासून एका खेळाडूला जास्त द्यायचे तर दुसऱ्या कोणाला तरी कमी द्यावे लागते. त्यातच खेळाडू साधारण २७व्या वर्षी किंवा सात हंगाम खेळल्यावर मोकळा होतो. करार संपला की तो हवे तिकडे जातो आणि जुन्या संघाच्या हाती काहीच उरत नाही. मोठे खेळाडू तर करारातच अट घालून घेतात की आपल्या संमतीशिवाय आपल्याला कुठेही पाठवता येणार नाही. गोलवीर सोडण्याचा निर्णय म्हणूनच बाजारभावाइतकाच तारखांवरही अवलंबून असतो.

आता एका माणसाचे वजन किती, ते पाहू. सामना ६० मिनिटांचा असतो. बर्फावर एका वेळी गोलरक्षकाशिवाय पाच खेळाडू असतात आणि ते दर मिनिटाला बदलत राहतात. संघातला सर्वोत्तम आघाडीवीरसुद्धा साधारण २० मिनिटे खेळतो. उरलेली ४० मिनिटे तो बाकावर बसलेला असतो. गोलरक्षक मात्र पूर्ण ६० मिनिटे जाळ्यासमोर उभा असतो. २०११-१२मध्ये नॅशने कोलंबससाठी ३० गोल केले आणि संघ ६५ गुणांसह सगळ्या लीगमध्ये शेवटचा आला. नॅश कमी पडला असे म्हणता येणार नाही. बचाव ढिला होता, गोलरक्षण त्याहून ढिले, आणि नॅशला विश्रांती असताना गोल करणारे कोणी नव्हते. हरणाऱ्या संघाचे दुखणे बहुतेक वेळा असेच असते: त्याचा एक उत्तम खेळाडू बाकीच्या उणिवा झाकायला पुरत नाही.

कोलंबसचाच व्यवहार सविस्तर पाहण्यासारखा आहे. नॅश २००२च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. संघ तेव्हा नवा होता आणि नॅश हाच त्याचा चेहरा झाला. त्याने तिथे नऊ हंगामांत २८९ गोल केले, पण त्या काळात संघ प्लेऑफला एकदाच पोहोचला. २००९ साली डेट्रॉइटने त्यांना सलग चार सामन्यांत बाहेर काढले. २०१२च्या फेब्रुवारीत जनरल मॅनेजर स्कॉट हाउसन यांनी जाहीर केले की नॅशनेच आपल्याला दुसरीकडे पाठवावे अशी विनंती केली आहे. चाहते चिडले, काहींनी नॅशला दोष दिला, काहींनी हाउसन यांना. हाउसन यांनी मात्र घाई केली नाही. ट्रेडची अंतिम मुदत त्यांनी तशीच जाऊ दिली होती आणि उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली. घाई न करणे त्यांना परवडत होते, कारण नॅशचा वर्षाला ७८ लाख डॉलरचा करार अजून सहा वर्षे शिल्लक होता. २३ जुलै २०१२ रोजी न्यूयॉर्क रेंजर्सशी व्यवहार झाला. ब्रँडन डुबिन्स्की, आर्टेम अनिसिमोव्ह, टिम एरिक्सन आणि २०१३च्या पहिल्या फेरीतली एक निवड कोलंबसला मिळाली.

त्या दिवशी बहुतेकांना हा सौदा फसल्यासारखा वाटला. मिळालेल्यांपैकी कोणीच नॅशच्या तोडीचा नव्हता. पण पुढचा हिशेब वेगळा निघाला. डुबिन्स्की कोलंबसकडे सात हंगाम खेळला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम खेळाडूंना अडवण्याचे न दिसणारे, दमवणारे काम करत राहिला. अनिसिमोव्ह तीन हंगाम खेळला. २०१५मध्ये त्याच्यासह काहींना शिकागोला देऊन कोलंबसने ब्रँडन सादला आणले आणि २०१७मध्ये सादला परत देऊन आर्टेमी पानारिनला घेतले. पानारिनने पहिल्याच हंगामात ८२ गुण मिळवून संघाचा विक्रम मोडला. खेळाडूच्या गुणांत गोल आणि गोलसाहाय्य दोन्ही मोजतात. म्हणजे एक गोलवीर गेला त्याच्या मोबदल्याच्या साखळीतून पाच वर्षांनी दुसरा गोलवीर आला, आणि मधल्या काळात संघ उभाही राहिला. पहिल्या फेरीतल्या निवडीतून घेतलेला कर्बी रायकेल मात्र फारसा चमकला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. नॅश गेल्यावर कोलंबस सुधारला त्याचे मोठे श्रेय या ट्रेडला नाही, गोलरक्षकाला आहे. २०१२च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाकडून काही ड्राफ्ट निवडींच्या बदल्यात सर्गेई बोब्रोव्स्की आणला गेला आणि पुढच्याच हंगामात त्याने सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक जिंकला. त्या हंगामात कोलंबसचे प्लेऑफ थोडक्यात हुकले. गुण बरोबरीचे असूनही जागा मिनेसोटाला गेली. २०१४ साली मात्र संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. गोलवीर गेल्यावर हेच दिसले की संघाची गरज त्याच्या गोलांपेक्षा मागच्या फळीत जास्त होती.

अटलांटाची कहाणी याच्या उलट आहे आणि जास्त दुःखद आहे. कोवलचुक २००१च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. अटलांटासाठी त्याने ३२८ गोल केले. त्याच संघात डॅनी हीटली होता. त्याने दुसरीकडे जायची मागणी केली तेव्हा २००५ साली त्याच्या बदल्यात ओटावाकडून मारियान होसा आला. होसाचा करार संपत आला तेव्हा २००८च्या फेब्रुवारीत त्याला पिट्सबर्गला द्यावे लागले. आणि कोवलचुकचा करार संपत आला तेव्हा संघाने त्याला १२ वर्षांसाठी १० कोटी १० लाख डॉलर देऊ केले, ते त्याने नाकारले. ४ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला न्यू जर्सीला पाठवण्यात आले. त्या वेळी तो २६ वर्षांचा होता आणि करार संपायला पाच महिनेसुद्धा उरले नव्हते. बदल्यात आले निकलास बर्गफोर्स, जॉनी ओडुया, पॅट्रिस कॉर्मिए आणि पहिल्या फेरीतली एक निवड. समोरच्या प्रत्येक संघाला ठाऊक होते की अटलांटाकडे दुसरा पर्याय नाही, आणि अशा विक्रेत्याला कोणी पूर्ण भाव देत नाही. ती निवड पुढे शिकागोला देऊन डस्टिन बफ्लिनला आणले गेले, हाच या व्यवहाराचा खरा लाभ. पण बफ्लिनची उत्तम वर्षे बहुतांशी अटलांटाच्या प्रेक्षकांनी पाहिलीच नाहीत. तोटा आणि मालकांमधले वाद यांनी पोखरलेला तो संघ २०११मध्ये विनिपेगला हलवला गेला. संघाच्या साऱ्या आयुष्यात अटलांटा प्लेऑफला एकदाच गेला होता, २००७ साली, आणि तिथे एकही सामना जिंकला नव्हता.

कॅल्गरीने याहून उशीर केला. इगिन्ला तिथे १६ हंगाम खेळला आणि त्याने ५२५ गोल केले. २००४ साली त्याच्या नेतृत्वाखाली संघ स्टॅन्ली करंडकाच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला होता. गंमत अशी की इगिन्ला स्वतःच एका गोलवीराच्या बदल्यात कॅल्गरीला आला होता. १९९५च्या डिसेंबरमध्ये कॅल्गरीने करारावरून अडून बसलेल्या जो न्यूएन्डाइकला डॅलसला दिले आणि अठरा वर्षांच्या इगिन्लाला घेतले. न्यूएन्डाइक १९९९च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, डॅलसने करंडक जिंकला, आणि कॅल्गरीला पुढच्या दीड दशकाचा नायक मिळाला. दोन्ही संघांचे भले झालेला असा सौदा क्वचितच होतो.

हा धडा कॅल्गरीच्या घरातच होता, तरी इगिन्लाच्या बाबतीत तो वापरला गेला नाही. २०१० ते २०१२ सलग तीन वर्षे प्लेऑफ हुकले. प्रत्येक वेळी ‘यंदा जमेल’ असे म्हणत संघाने त्याला ठेवून घेतले. शेवटी २०१३च्या मार्चअखेरीस, तो ३५ वर्षांचा असताना आणि करार संपायला काही महिनेच उरले असताना, ट्रेड करायचे ठरले. करारातल्या अटीमुळे कुठे जायचे हे इगिन्लाच ठरवणार होता. बॉस्टनशी व्यवहार जवळजवळ पक्का झाला होता. इगिन्लाने पिट्सबर्ग निवडले. त्याला तो पूर्ण हक्क होता आणि इतक्या वर्षांच्या सेवेनंतर त्यात गैर काही नाही. पण एकच गिऱ्हाईक उरल्यावर कॅल्गरीच्या हाती आले ते केनी ॲगोस्टिनो, बेन हॅनोव्स्की आणि पहिल्या फेरीतली अगदी शेवटाकडची एक निवड. त्या निवडीतून घेतलेला मॉर्गन क्लिमचक एनएचएलमध्ये एकच सामना खेळला. हॅनोव्स्की १६ खेळला. पिट्सबर्गलाही काही मिळाले नाही: उपांत्य फेरीत त्यांना बॉस्टननेच सलग चार सामन्यांत हरवले आणि त्या चार सामन्यांत पिट्सबर्गला दोनच गोल करता आले.

असे असतानाही संघचालक उशीर का करतात? याचे एक साधे उत्तर आहे, आणि ते फारसे बोलले जात नाही. गोलवीर सोडणाऱ्याची स्वतःची नोकरी सहसा राहत नाही. नॅशला सोडल्यावर सात महिन्यांत हाउसन यांना काढले गेले. इगिन्लाचा व्यवहार करणारे जे फीस्टर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये गेले. २००५च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनचा जो थॉर्नटन सॅन होजेला देणारे माइक ओकॉनेल चार महिन्यांत बाहेर पडले. ट्रेडचे फळ दिसायला तीन ते पाच वर्षे लागतात. मालक आणि प्रेक्षक तीन महिनेही थांबत नाहीत. पुढच्या माणसाला श्रेय मिळणार असेल तर आजचा माणूस धोका पत्करत नाही आणि संघ आणखी एक वर्ष रेंगाळतो. मालकांनी खरोखर संघ बांधायचा असेल तर असा निर्णय घेणाऱ्याला आधी काही वर्षांचे अभय द्यायला हवे.

गोलवीर सोडण्यामागे आणखी एक हेतू असतो, तो म्हणजे मुद्दाम खाली जाणे. वॉशिंग्टनने २००३-०४मध्ये यारोमिर यागर, पीटर बोंड्रा आणि सर्गेई गोंचार या तिघांनाही सोडले. यागरच्या बदल्यात फक्त ॲन्सन कार्टर मिळाला. २००५-०६च्या हंगामात यागरने न्यूयॉर्कसाठी ५४ गोल केले. व्यवहार म्हणून हे अत्यंत वाईट होते. पण त्या पडझडीमुळे वॉशिंग्टन तळाला गेले, सोडतीत त्यांचा क्रमांक पहिला लागला आणि अलेक्झांडर ओव्हेच्किन हा गोलवीर मिळाला. २०१८ साली त्यांनी करंडक जिंकला. या उदाहरणाचा दाखला पुष्कळदा दिला जातो, पण तो भरवशाचा नाही. एडमंटनला २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड मिळाली, तरी २००६नंतर प्लेऑफ गाठायला २०१७ उजाडावे लागले. सोडतीवर संघ बांधता येत नाही.

एडमंटनचाच एक सौदा मात्र विचार करायला लावतो. २०१६च्या उन्हाळ्यात त्यांनी संघाचा सर्वाधिक गुण मिळवणारा टेलर हॉल न्यू जर्सीला दिला आणि बदल्यात ॲडम लार्सन हा एकच बचावपटू घेतला. तो व्यवहार ऐकून चाहते हबकले. पुढच्या हंगामात एडमंटन प्लेऑफमध्ये पोहोचले. त्याच्या पुढच्या हंगामात हॉलने ३९ गोल आणि ९३ गुण मिळवून लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक जिंकला आणि न्यू जर्सीला २०१२नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये नेले. एडमंटनची गरज खरी होती आणि दिलेली किंमतही फार मोठी होती. शिवाय त्यांच्याकडे कॉनर मॅकडेव्हिड हा दुसरा हुकमी खेळाडू होता, म्हणून हॉल गेल्याची पोकळी भरून निघाली. दुसरा गोलवीर नसलेल्या संघाने याचे अनुकरण करू नये.

पंचविशीच्या आसपासचा गोलवीर सोडताना तर फारच जपून वागायला हवे. थॉर्नटन २६ वर्षांचा होता. सॅन होजेला गेल्यावर त्याच हंगामात तो लीगमधला सर्वाधिक गुण मिळवणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉस्टनला मिळालेले तिघे त्याच्या जवळपासही नव्हते. बॉस्टन सावरले ते वेगळ्या कारणाने. मोकळ्या झालेल्या पगारात त्यांनी २००६च्या उन्हाळ्यात झ्देनो चारा आणि मार्क सव्हार्ड यांना करारबद्ध केले आणि २०११ साली चाराच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकला. बफेलोला तसे जमले नाही. मानेच्या दुखापतीवर कोणती शस्त्रक्रिया करायची यावरून संघाशी बिनसल्यावर २०२१च्या नोव्हेंबरमध्ये २५ वर्षांचा जॅक आयकल व्हेगासला गेला. २०२३मध्ये व्हेगासने करंडक जिंकला आणि त्या प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण आयकलचे होते. बफेलोला ॲलेक्स टक आणि पेटन क्रेब्स यांच्यासारखे चांगले खेळाडू मिळाले, पण २०११नंतर हुकलेले प्लेऑफ २०२५पर्यंत त्यांना गाठता आले नाही.

या सगळ्यावरून निवाडा देता येतो. गोलवीर २५च्या आतबाहेर असेल आणि करार लांबचा असेल तर त्याला सोडू नये. आधी गोलरक्षक आणि बचाव सुधारावा, कारण हे दोन्ही बोब्रोव्स्कीसारखे स्वस्तात मिळू शकतात आणि तसा गोलवीर स्वस्तात मिळत नाही. तो २८च्या पुढे असेल आणि संघ जिंकण्यापासून अजून तीन-चार वर्षे दूर असेल तर त्याला सोडावे, आणि करारात किमान एक पूर्ण हंगाम शिल्लक असताना सोडावे. बदल्यात निदान एक तरी आज खेळू शकणारा खेळाडू घ्यावा. पहिल्या फेरीतली निवड ऐकायला भारदस्त वाटते, पण नॅश आणि इगिन्ला यांच्या बदल्यात कोलंबस आणि कॅल्गरीला मिळालेल्या निवडी जवळजवळ वाया गेल्या, हे विसरू नये.

कोलंबसने हा नियम स्वतःच एकदा जाणूनबुजून मोडला. २०१९च्या फेब्रुवारीत पानारिन आणि बोब्रोव्स्की दोघांचेही करार संपत होते. जनरल मॅनेजर यार्मो केकालाइनेन यांनी दोघांनाही ठेवून घेतले. संघाने ६२ सामने जिंकलेल्या टॅम्पा बेला पहिल्याच फेरीत सलग चार सामन्यांत हरवले. कोलंबसने प्लेऑफची फेरी जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या उन्हाळ्यात दोघेही निघून गेले आणि बदल्यात काहीच मिळाले नाही. तरी हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, कारण तेव्हाचा कोलंबस हरणारा संघ नव्हता.

प्रेक्षकांचाही यात वाटा आहे. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूयॉर्क रेंजर्सने हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांना पत्र लिहून सरळ सांगितले की संघ नव्याने बांधायचा आहे आणि ओळखीचे, आवडते चेहरे जाणार आहेत. हरणाऱ्या संघांकडून इतका मोकळेपणा क्वचित दिसतो आणि तो प्रत्येक संघाने घेण्यासारखा आहे. सतरा दिवसांनी रेंजर्सने ३३ वर्षांच्या नॅशला बॉस्टनला दिले. करार संपत होता, तरी त्याचा निम्मा पगार स्वतःच्या अंगावर घेतल्यामुळे त्यांना चांगला मोबदला मिळाला. त्यात रायन लिंडग्रेन हा तरुण बचावपटू आणि पहिल्या फेरीतली एक निवड होती. ती निवड आणि आणखी एक देऊन त्यांनी ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळवला आणि कीआंद्रे मिलरला घेतले. २०२२ साली रेंजर्स ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पूर्व विभागाच्या, अंतिम फेरीत पोहोचले तेव्हा लिंडग्रेन आणि मिलर दोघेही त्यांच्या बचावफळीत होते.